छापावे काय आणि छापू नये काय?

आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या क्षेत्रात एखादे नवे यंत्र आले की आपल्या व्यवसायात दोन पक्ष पडतात, हा जुना अनुभव आहे. खलबत्त्याची जागा पल्व्हरायझरने घेतली तेव्हा चूर्णाच्या वीर्याविषयी वाद झाला. हाताने वळलेल्या वटीऐवजी यंत्रावर दाबलेली गोळी आली तेव्हाही झाला. त्या वादांत दोन्ही बाजूंकडे थोडेथोडे सत्य होते. परंतु निर्णय मात्र वादाने झाला नाही, तो बाजारपेठेने केला. आता उद्योगक्षेत्रात ‘ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग’ व सर्वसामान्य व्यवहारात ‘थ्रीडी प्रिंटिंग’ या नावाने ओळखले जाणारे तंत्र आपल्या दाराशी येऊन उभे आहे. ‘प्रत्येक रुग्णाच्या प्रकृतीनुसार वेगळी वटी छापून देता येईल’ अशी भाषाही कानावर पडू लागली आहे. ही भाषा वैद्याला मोहात पाडणारी आहे, कारण प्रकृतिभेदाने चिकित्साभेद हा आपल्याच शास्त्राचा सिद्धान्त तिच्यात आपल्याला परत ऐकविला जातो.

या वेळी तरी निर्णय बाजारपेठेवर सोपवू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लेखकाचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. आपल्या फार्मसीत औषध छापण्याच्या भरीस पडू नये. औषधाभोवतीची साधने, यंत्रांचे सुटे भाग व पंचकर्माची उपकरणे यांच्यासाठी मात्र हे तंत्र विनासंकोच स्वीकारावे. आणि स्वीकारताना त्यांचे आराखडे व नोंदी परक्याच्या हाती जाऊ देऊ नयेत.

तंत्राचे स्वरूप

नेहमीच्या कारखान्यात वस्तू घडते ती कापून व तासून, साच्यात ओतून, किंवा दाब देऊन. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये यांपैकी काहीच नसते. संगणकावर वस्तूचा आराखडा तयार होतो, त्याचे अत्यंत पातळ थरांत विभाजन होते आणि यंत्र एकावर एक थर देत वस्तू उभी करते. कुंभारमाशी चिखलाच्या गोळीगोळीने आपले घर बांधते, तसाच हा प्रकार आहे. साच्याची गरज नाही आणि तासून फेकून द्यावे लागणारे द्रव्यही फारसे नाही.

चार्ल्स हल या अमेरिकन अभियंत्याने प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेपासून वस्तू घडविण्याच्या पद्धतीसाठी १९८४ मध्ये पेटंटचा अर्ज केला व १९८६ मध्ये त्यांना ते मिळाले. प्लॅस्टिकचा धागा वितळवून थर देण्याची स्कॉट क्रम्प यांची पद्धत १९८९ मधील. तिसरी पद्धत चूर्णाची: चूर्णाचा थर पसरायचा आणि हवा तेवढाच भाग लेसरच्या उष्णतेने वा चिकट द्रवाच्या थेंबांनी जोडायचा. धाग्याच्या पद्धतीवरील मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली आणि तेव्हापासून टेबलावर मावणारे स्वस्त प्रिंटर बाजारात आले. आज शाळा-महाविद्यालयांतून दिसतात ते बहुधा या जातीचे. त्यांच्यावरून कारखान्यातील यंत्राची कल्पना करणे म्हणजे शेगडीवरील पातेल्यावरून पाकशाळेच्या कढईची कल्पना करणे होय.

उद्योगाने हे तंत्र कोठे स्वीकारले आणि कोठे स्वीकारले नाही, हे पाहिले तर आपला निर्णय पुष्कळ सोपा होतो. कानात बसणाऱ्या श्रवणयंत्राचे कवच हे पहिले मोठे उदाहरण. प्रत्येक माणसाच्या कानाचा घाट वेगळा, त्यामुळे पूर्वी कारागीर हाताने कवच घडवीत. चालू शतकाच्या पहिल्या दशकात हा धंदा जवळजवळ संपूर्णपणे छपाईकडे वळला. दुसरे उदाहरण विमानाच्या इंजिनाचे. जनरल इलेक्ट्रिकने ‘लीप’ या इंजिनातील इंधनाची तोटी छापण्यास घेतली. पूर्वी सुमारे वीस भाग जोडून होणारी तोटी एकसंध झाली व वजन चतुर्थांशाने घटले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात ऑबर्न येथील कारखान्यात ऑक्टोबर २०१८ पर्यंत अशा तीस हजार तोट्या छापून झाल्या होत्या. तिसरे उदाहरण आपल्या घरचे. इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे छापलेले इंजिन ९ मे २०२४ रोजी ६६५ सेकंद पेटवून तपासले. चौदा भागांऐवजी एकच भाग, एकोणीस जोड रद्द, आणि ५६५ किलो धातूऐवजी १३.७ किलो चूर्ण, असा हिशेब इस्रोने जाहीर केला.

या तिन्ही ठिकाणी समान काय आहे? श्रवणयंत्रात प्रत्येक नग वेगळा आहे. इंजिनात नग थोडे, घाट अवघड आणि जोड कमी करण्याचा लाभ फार मोठा आहे. याउलट बाटलीचे झाकण, डबी, चमचा अशा लाखांनी लागणाऱ्या सारख्या वस्तू आजही साच्यातूनच निघतात. समजा, एखाद्या प्लॅस्टिकच्या भागाच्या साच्याला दोन लाख रुपये आणि नंतर नगाला दोन रुपये खर्च येतो. तोच भाग साच्याशिवाय छापला तर नगाला ब्याऐंशी रुपये पडतात. अडीच हजार नगांपर्यंत छपाई स्वस्त, त्यापुढे साचा स्वस्त. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. परंतु हे गणित न मांडता प्रिंटर विकत घेणारा फार्मसीचालक वर्षभराने त्यावर कापड घालून ठेवील, हे निश्चित.

गोळी छापण्याचा प्रश्न

आता वटीकडे वळू. छापलेल्या गोळीचे नाव निघाले की ‘स्प्रिटम’चे उदाहरण दिले जाते. अपस्मारावरील लेव्हेटिरासिटाम या आधुनिक औषधाची ही गोळी, तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये मान्यता दिली. चूर्णाचे थर द्रवाच्या थेंबांनी जोडून ती तयार होते. ही पद्धत मूळची मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील. दाब मुळीच न दिल्याने गोळी सच्छिद्र राहते आणि घोटभर पाण्याने काही सेकंदांत तोंडातच विरते. एका गोळीत एक हजार मिलिग्रॅमपर्यंत मात्रा बसविता येते, हेही विशेष. गिळता न येणाऱ्या अपस्माराच्या रुग्णास याचा उपयोग उघड आहे. तरीही त्यानंतर औषधी दुकानांत छापलेल्या गोळ्यांचा पूर आला, असे झाले नाही. दहा वर्षांचा हा काळ बोलका आहे. साध्या सोळा स्टेशनच्या रोटरी यंत्राने मिनिटाला वीस फेरे घेतले तरी ताशी एकोणीस हजार दोनशे गोळ्या पडतात. एवढ्या वेगाशी स्पर्धा करावयाची तर छपाईने दुसरे काही असाधारण द्यावे लागते. स्प्रिटमने ते दिले. आपली आरोग्यवर्धिनी छापून काय असाधारण मिळणार?

याला दिले जाणारे उत्तर ‘वैयक्तिक मात्रा’ हे असते. आयुर्वेदात मात्रा दोष, अग्नि, बल, वय, व्याधि, कोष्ठ पाहून ठरते, म्हणून हे यंत्र जणू आयुर्वेदासाठीच जन्मले, असे म्हणतात. युक्तिवाद ऐकण्यास गोड आहे. परंतु ज्या व्यवसायाने शतकानुशतके रुग्णासमोर बसून कल्प मिसळून पुड्या बांधल्या, त्याला वैयक्तिक मात्रा शिकविण्यासाठी लाखो रुपयांच्या यंत्राची काय आवश्यकता? वैद्याच्या हातची पुडी हीच मुळी रुग्णपरत्वे निर्मिती आहे. चूर्ण, अनुपान आणि काल बदलून जे भेद साधतात, ते वटीचे वजन पन्नास मिलिग्रॅमने कमी-जास्त करून साधत नाहीत. अर्थात ज्या आधुनिक औषधांत उपकारक व अपायकारक मात्रा यांतील अंतर थोडे आहे, तेथे ही गोष्ट वेगळी; रुग्णालयातच रुग्णापुरते औषध तयार करण्याविषयी ब्रिटनने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम लागू केले, ते अशा गरजांतून.

दुसरा मुद्दा संस्काराचा. भैषज्यकल्पनेत वटीचा आकार हे शेवटचे व सर्वांत गौण काम आहे. त्यापूर्वी शोधन, भावना, मर्दन झालेले असते आणि औषधाचे गुणांतर तेथे घडते. थेंबांनी चूर्ण जोडणे ही एक प्रकारची भावनाच नव्हे काय, असा प्रश्न एका चर्चेत कोणी तरी उपस्थित केल्याचे स्मरते. ही केवळ शब्दांची ओढाताण आहे. भावनेत संपूर्ण चूर्ण स्वरसाने वा क्वाथाने भिजते, खलात घोटले जाते, वाळते आणि पुन्हा भिजते. कणाला बाहेरून चिकट द्रव लागणे म्हणजे भावना नव्हे. धाग्याच्या पद्धतीत तर औषध एखाद्या बहुवारिकाबरोबर वितळवून आधी धागा करावा लागतो, आणि त्यासाठी अनेकदा शंभर अंशांहून अधिक उष्णता द्यावी लागते. कर्पूर, तुळस, वेलदोडा, लवंग यांच्या उडनशील अंशाचे तेथे काय होईल, हे वाचकांस सांगावयास नको. शिवाय ते बहुवारिक पाठातील द्रव्य नाही.

येथे कायद्याचाही प्रश्न येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार शास्त्रोक्त आयुर्वेदीय औषध म्हणजे परिशिष्टातील प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या सूत्रांनुसारच तयार केलेले औषध. ग्रंथोक्त नावाने गोळी विकावयाची आणि तिच्यात पाठाबाहेरचे बहुवारिक निम्म्याने भरावयाचे, हे या व्याख्येत बसविणे कठीण आहे. अनुभूत वा पेटंट औषधाचा मार्ग मोकळा आहे असे कोणी म्हणेल. मग त्याने स्थिरतेचे व सुरक्षिततेचे पुरावेही उभे करावेत. ‘परिशिष्ट टी’मध्ये वटी-गुटिकेच्या विभागासाठी यंत्रांची यादी दिली आहे, तीत गोळ्या दाबण्याचे व वटी कापण्याचे यंत्र आहे. प्रिंटर घेऊन परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यास आधी अधिकाऱ्यासच हे यंत्र समजावून द्यावे लागेल.

एक गोष्ट जाता जाता. आपल्या फार्मसींची खरी तक्रार गोळी विरत नाही ही असते. विशेषतः गुग्गुळाच्या वट्या जुन्या झाल्या की दगडासारख्या होतात आणि विघटनकालाच्या चाचणीत अडकतात. याचे उत्तर मर्दनात, वाळविण्याच्या तापमानात आणि साठवणीत शोधावयाचे आहे. ते काम कंटाळवाणे आहे, पण त्याला प्रिंटर लागत नाही.

यंत्राचे सुटे भाग

छापण्यास योग्य काय, याची सुरुवात यंत्रखोलीपासून करावी. लहान व मध्यम फार्मसीत यंत्रे जुनी असतात. बाटलीत काढा भरणारे यंत्र, गोळ्यांचे ब्लिस्टर यंत्र, लेबल लावणारे यंत्र, कॅप्सूल भरणारे यंत्र यांच्यात प्लॅस्टिकचे व नायलॉनचे शेकडो लहान भाग असतात: बाटलीला दिशा देणारी मार्गपट्टी, तारामंडळासारखे दातेरी चक्र, नळीची पकड, हॉपरखालचे झडपेचे तोंड. एक भाग तुटला की यंत्र बंद. उत्पादक कंपनी दुसऱ्या राज्यात, कधी बंदच पडलेली. भाग मिळेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. चूर्णाची फार्मसी हे सहन करते. परंतु आवळ्याच्या मोसमात अवलेह तयार होऊन पातेल्यांत थांबलेला असताना भरणयंत्र बंद पडणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्यासच ठाऊक. लेखकाच्या परिचयाच्या एका फार्मसीला अशा वेळी तळहाताएवढ्या एका भागासाठी पुरवठादाराने आधी पूर्ण रक्कम घेतली आणि भाग पाठविला तो दुसऱ्याच मॉडेलचा.

असा भाग मोजून, त्याचा आराखडा करून, नायलॉनमध्ये जॉबवर्कने छापून घेणे आज सहज शक्य आहे. पुणे-पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे वाहनउद्योगामुळे अशी कामे करणारे व्यावसायिक आहेत. स्वतः यंत्र घेण्याची सध्या मुळीच गरज नाही. वेगवेगळ्या आकाराच्या बाटल्यांसाठी लागणाऱ्या बदलत्या पट्ट्या, मोजमापाचे साचे, जुळणीच्या वेळी भाग धरून ठेवणाऱ्या पकडी, चूर्णाच्या पाकिटासाठी ठरावीक मापाचे चमचे, एवढ्यांनीही सुरुवात होऊ शकते.

परंतु मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. गोल व सरळ भाग लेथवरच करून घ्यावा. कुशल टर्नरचा हात आजही स्वस्त व अचूक आहे. गोळी दाबण्याचे डाय-पंच छापून घेण्याच्या फंदात पडू नये. त्यांच्यावर टनांचा दाब येतो आणि त्यांना कठीण पोलादाची घासून गुळगुळीत केलेली पाती लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, औषधाला प्रत्यक्ष स्पर्श करणारा भाग आणि न करणारा भाग यांत स्पष्ट भेद करावा. थरांनी घडलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्म वळ्या राहतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा राहतात. तेथे चूर्ण अडकते, ओलावा धरतो आणि जंतूंना घर मिळते. एका घाणीतील अवशेष दुसऱ्या घाणीत गेला तर चाचणीत पकडला जाईलच असे नाही. म्हणून स्पर्श न करणाऱ्या भागांपासून आरंभ करावा. स्पर्श करणारा भाग अटळ असेल तर स्टेनलेस स्टीलच्या चूर्णापासून छापून नंतर घासून-चकाकवून घ्यावा.

द्रव्याविषयीही असेच. धाग्याच्या स्वस्त प्रिंटरवर बहुधा ‘पीएलए’ नावाचे मक्यादिकांच्या पिष्टापासून काढलेले प्लॅस्टिक वापरतात. ‘वनस्पतिजन्य’ म्हणून आपल्याकडे त्याचे कौतुक होण्याचा संभव आहे. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडते. गरम तेलाशी, उकळत्या पाण्याशी वा निर्जंतुकीकरणाच्या वाफेशी त्याची गाठ घालू नये. राळेपासून केलेल्या वस्तू दिसण्यास सुबक असतात. परंतु पूर्णपणे घट्ट न झालेला अंश त्वचेला व श्लेष्मल कलेला उपद्रव देतो. स्नेह हा उत्तम विद्रावक आहे, आसवारिष्टांत मद्यांश आहे, क्षार व कांजी यांचे गुण आपण जाणतोच. पाण्यात टिकते ते तेलात टिकेलच असे गृहीत धरू नये.

बस्तिनेत्राचा विचार

या तंत्राचा आपल्या शास्त्राशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो बस्तिनेत्राच्या बाबतीत, आणि म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात नेत्राची लांबी वयानुसार सांगितली आहे: सहा वर्षांच्या बालकास सहा अंगुळे, बारा वर्षांच्यास आठ, वीस वर्षांच्यास बारा. छिद्राचे माप मूग, वाटाणा, बोर यांनी दिले आहे. घाट गोपुच्छासारखा, मुळाशी रुग्णाच्या अंगठ्याएवढा आणि टोकाशी करंगळीएवढा. टोक गुळगुळीत व गोलसर. टोकाकडून चौथ्या भागावर एक कर्णिका आणि मुळाशी बस्ति बांधण्यासाठी दोन. सुश्रुताचार्यांची मापे काहीशी भिन्न आहेत. येथे लक्ष वेधावयाचे ते एकाच गोष्टीकडे: माप रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याने व करंगळीने ठरते. श्रवणयंत्राच्या उद्योगाने जे तत्त्व चालू शतकात यंत्राने आचरणात आणले, ते आपल्या संहितेत उपकरणापुरते स्पष्ट लिहिलेले आहे.

आणि आज आपण करतो काय? बहुसंख्य पंचकर्म केंद्रांत एनिमाचे भांडे व रबरी वा प्लॅस्टिकची नळी. स्थूल रुग्ण असो की कृश, बालक असो की वृद्ध, बाजारात मिळेल त्या मापावर काम भागते. रुग्णपरत्वे नेत्र करून घेण्याचा खर्च परवडत नव्हता, हे याचे खरे कारण. त्यात वैद्याचा दोष थोडा. छपाईने ही अडचण दूर होऊ शकते. लांबी, मुळाची व टोकाची जाडी, छिद्र, कर्णिकेचे स्थान हे पाच-सहा आकडे बदलले की आराखडा आपोआप बदलतो आणि पाच भिन्न मापांचे पाच नेत्र करण्यास पाच सारखे नेत्र करण्याइतकाच खर्च येतो.

मात्र प्लॅस्टिकचा नेत्र छापून तसाच वापरावा, असे लेखक सुचवीत नाही. चरकाचार्यांनी नेत्रासाठी सुवर्ण, रौप्य, कथील, तांबे, पितळ, कांसे, अस्थि, काष्ठ, वेळू, दंत, शृंग इत्यादी द्रव्ये सांगितली आहेत. आपल्या ओताऱ्यांची मेणाच्या साच्यावर धातू ओतण्याची पद्धत प्राचीन आहे. मेणासारख्या द्रव्यात नमुना छापावा, त्यावरून पितळ वा कांशाचे ओतकाम करून घ्यावे, आतून-बाहेरून घासून कल्हई करावी, ही वाट अधिक सुरक्षित आहे. निरूहात सैंधव, गोमूत्र, कांजी येतात, त्यामुळे कल्हईविना पितळ वापरू नये. कोल्हापुरासारख्या ओतकामाच्या गावी असे काम करून घेणे अवघड नाही. येथे नवे यंत्र कारागिराचे पोट मारीत नाही, त्याला लहान संख्येचे, चोख मापाचे काम आणून देते. स्टेनलेस स्टीलमध्ये थेट छापणे हा दुसरा पर्याय. तो महाग आहे, पण वाफेने निर्जंतुक करण्यास उत्तम.

तयार नेत्राची तपासणी कशी करावी, याची यादी संहितेतच आहे. ह्रस्व, दीर्घ, तनु, स्थूल, जीर्ण, शिथिलबंधन, पार्श्वच्छिद्र आणि वक्र असे आठ प्रकारचे नेत्र चरकाचार्यांनी वर्ज्य सांगितले. सुश्रुताचार्यांच्या अकरा दोषांत ‘कर्कश’ हाही एक आहे. छापलेल्या वस्तूचे नेहमीचे दोष कोणते? थर नीट न चिकटल्याने बाजूने गळणे, थंड होताना वाकणे, पृष्ठभाग खरखरीत राहणे. पार्श्वच्छिद्र, वक्र, कर्कश! प्रत्येक नेत्र पाण्याने भरून, टोक बंद करून, दाब देऊन पाहावा. सरळ पट्टीवर लोळवून पाहावा. कापसाचा बोळा त्यावरून फिरवावा, धागा अडकला तर परत पाठवावा.

कोणी म्हणेल, वटीला विरोध आणि नेत्राला अनुमोदन, ही विसंगती नव्हे काय? ती नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात यंत्रे प्रायः लोहाची असावीत, त्याच्या अभावी तत्सदृश द्रव्याची चालतील, आणि ती शास्त्राने, उपदेशाने, इतर यंत्रे पाहून व युक्तीने करवून घ्यावीत, असे सांगितले आहे. म्हणजे यंत्राच्या बाबतीत युक्तीला मोकळीक आहे. औषधाच्या बाबतीत पाठ व संस्कार यांचे बंधन आहे. हा भेद आपल्या आचार्यांनी केलेला आहे आणि कायद्यानेही आपल्या परीने तोच जपला आहे.

नेत्र, धारापात्र, तर्पणासाठी डोळ्याभोवती बसणारे कडे अशा वस्तू स्वतःच्या केंद्रापुरत्या करून घेणे निराळे आणि विक्रीस काढणे निराळे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले आणि एप्रिल २०२० पासून जवळजवळ सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधाच्या कायदेशीर व्याख्येत घेण्यात आली. विक्रीचा विचार करणाऱ्या फार्मसीने आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा. त्याचप्रमाणे दुसऱ्याच्या यंत्राचा भाग हुबेहूब छापताना त्यावर पेटंट वा नोंदणीकृत डिझाइन जिवंत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. बहुतेक जुन्या भागांवर ते नसते.

आराखडा कोणाचा?

या तंत्रात यंत्र, द्रव्य आणि मजूर यांपेक्षा मोलाचा असतो तो आराखडा. जॉबवर्क करणारा भाग मोजतो, आराखडा करतो, भाग देतो आणि आराखडा आपल्या संगणकात ठेवतो. पुढच्या वेळी भाव तो सांगेल तो. शंभर फार्मसींनी तोच भाग स्वतंत्रपणे मोजून घेतला तर शंभर वेळा पैसे जातील. म्हणून कामाच्या आदेशातच लिहावे की आराखड्याची फाइल ग्राहकाच्या मालकीची राहील व भागाबरोबर दिली जाईल. बिलावर द्रव्याचे नाव, त्याचा लॉट क्रमांक, छपाईची पद्धत व तारीख यावी. आपल्या घाणीच्या नोंदवहीत औषधाचा घाणी क्रमांक जसा असतो, तसा त्या घाणीच्या वेळी यंत्रावर कोणता छापलेला भाग होता, हेही लिहून ठेवावे. भाग झिजला आणि प्लॅस्टिकचा कण औषधात सापडला तर कोणत्या घाण्या परत बोलवायच्या, हे त्या नोंदीवाचून कळणार नाही.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या तंत्राविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि जागतिक बाजारात भारताचा वाटा पाच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट मांडले. धोरणे मोठ्या उद्योगांच्या नजरेने लिहिली जातात. दहा-पंधरा कामगारांच्या फार्मसीची सोय तिने स्वतः किंवा तिच्या संघटनेने पाहावी लागते.

यासाठी संघटनेने एक साधे काम हाती घ्यावे, अशी सूचना आहे. जिल्हा शाखांनी आपल्या सभासद फार्मसींकडून गेल्या तीन वर्षांत कोणता भाग तुटून यंत्र किती दिवस बंद राहिले, याची माहिती एका पानावर मागवावी: यंत्राचे नाव, मॉडेल, भाग, बंद राहिलेले दिवस, मोजावी लागलेली किंमत. त्यांतून वारंवार येणारे वीस भाग निवडून त्यांचे आराखडे संघटनेच्या खर्चाने करवून घ्यावेत आणि सभासदांना ते विनामूल्य द्यावेत. पंचकर्म केंद्र चालविणाऱ्या वैद्यांनी वयोगटानुसार बस्तिनेत्राच्या मापांचे तक्ते पाठवावेत. आयुर्वेद महाविद्यालयांच्या पंचकर्म विभागांनी चरक व सुश्रुत यांच्या मापांचा मेळ घालून, अंगुळाचे माप प्रत्यक्ष रुग्णांवर घेऊन, एक सर्वमान्य आराखडा तयार करावा. पदव्युत्तर प्रबंधासाठी याहून उपयुक्त विषय शोधूनही सापडणार नाही. पुढील वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा. तोपर्यंत ज्या फार्मसींनी असे भाग करून घेतले आहेत, त्यांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले प्रयत्न, या पत्रिकेकडे पाठवावेत. भाग तेलात फुगला, वाफेत वाकला की महिन्यात झिजला, ही माहिती कोणत्याही विक्रेत्याच्या पत्रकात मिळत नाही.